सत्तरीपुढचे पुरुष, दक्षिण विभाग

लिमा, ५ मार्च

प्रिय मावशी,

पार्सल पोचलं. चीज शाबूत, पाव शाबूत. रोकोतो मिरच्यांची बरणी मात्र बसच्या डिकीत फुटली आणि तुझं पत्र मिरचीच्या पाण्यात भिजलं. ते वाचताना डोळे चोळत होते, तर ऑफिसात सगळ्यांना वाटलं, हिच्या घरून वाईट बातमी आली. वाईट बातमी आहे, पण ती वरच्या मजल्यावरून आली आहे.

चॅनेलला नवा मॅनेजर आलाय. आडनाव लोस्तानाउ, वय तेहतीस, केसांना इतकं तेल की माशी बसली तर घसरून पडेल. पहिल्याच बैठकीत त्याने विचारलं, "ही कुयांची कार्टून मालिका एकोणीस वर्षं चाललीय. का?" आम्ही सहा लेखकांनी वह्या मिटल्या. हा प्रश्न आम्हाला कुणी कधी विचारलाच नव्हता. राष्ट्राध्यक्षांच्या महालात चुलीमागे कुयांचं, गुबगुबीत गिनीपिगांचं, एक कुटुंब राहतं. वर माणसं शपथा घेतात आणि खाली हे जीव मुठीत धरून बसतात, कारण शपथविधीच्या जेवणाला तळलेला कुय लागतोच. यात "का" काय सांगायचं? राष्ट्राध्यक्ष बदलत राहिले, कुय तेच राहिले, म्हणून चालली. गेल्या महिन्यात तर रविवारी भाग तयार झाला, सोमवारी राष्ट्राध्यक्ष गेला, आणि मंगळवारी दुपारपर्यंत आम्ही नव्याच्या भुवया रंगवत होतो.

तर अट अशी आहे. जूनपर्यंतच्या दहा भागांचं सरासरी रेटिंग आठ यायला हवं. आज ते सात पूर्णांक चार आहे. नाही आलं तर मंगळवारी आठ वाजता स्वयंपाकाची स्पर्धा लागणार. त्यात पहिल्याच आठवड्यात कुय तळतील, माझी खात्री आहे. मी सतरा वर्षं इथे काढली, मावशी. मला दुसरं काही येत नाही. मंत्र्यांना प्राण्यांच्या तोंडून टोमणे मारणारी एक्केचाळीस वर्षांची बाई कोण कामाला ठेवणार?

काका असते तर म्हणाले असते, "बरं झालं, आता तरी वकिलीची परीक्षा दे." मी कॉलेज सोडलं तेव्हा एवढंच म्हणाले होते, "कुयांना बोलायला शिकवायला तुला लिमाला पाठवलं का?" त्यानंतर आरेकीपा वेगळा देश होतो आणि सीमेवर प्रवाशांचं सूप तपासायला अधिकारी बसवतो, तो भाग लागला, आणि ते तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत. पुढे मालिकेचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन, तरी अजून ते मनातून जात नाही.

तू तरी बघ एकदा. तेवढाच एक माणूस वाढेल.

तुझी,
मारित्सा


आरेकीपा, १२ मार्च

चि. मारित्सास आशीर्वाद.

बरणी फुटली ती तुमच्या लिमाच्या हमालांमुळे. इथून निघाली तेव्हा धडधाकट होती. यावेळी मिरच्या नाहीत, पाव आणि चीजच पाठवते आहे. नवीन मिक्सर आलाय, त्यात ओकोपाचं वाटण करून तेही दिलं आहे. मिक्सर कुठून आला ते विचारू नकोस, एका कंपनीची भेट आहे.

मी तुझी ती मालिका बघत नाही, आणि बघणार नाही. मंगळवारी आठ ते साडेआठ मी जपमाळ घेऊन बसते. पण भिंतीपलीकडची पेता बघते आणि दुसऱ्या दिवशी येऊन सगळं सांगते, कान बंद तर करता येत नाहीत. पेता म्हणते, ती आजी कुय जो एप्रन घालते तो माझा आहे. जांभळी फुलं, डाव्या खिशाला ठिगळ. आणि गेल्या मंगळवारी ती अर्थमंत्र्याला म्हणाली, "खुर्ची नुसती गरमच ठेवायची तर कोंबडी बसवा, निदान अंडी तरी मिळतील." हे वाक्य मी तुझ्या शाळेच्या मुख्याध्यापकाला म्हटलं होतं. चोरटी कुठली! विचारायची पद्धत असते.

आणखी एक. आजोबा कुयची टोपी तिसऱ्या मिनिटाला निळी होती आणि अकराव्या मिनिटाला काळी. सहा-सहा लेखक पोसता तुम्ही तिकडे, एकाला रंग ओळखता येऊ नये? पेता म्हणाली म्हणून सांगते.

तेहतीस वर्षांच्या पोराला घाबरू नकोस. तुझ्या काकाने रेल्वेत एकतीस वर्षं स्टेशनमास्तरकी केली, त्याच्यावर असले किती साहेब आले आणि गेले. एकही आठवत नाही मला.

पोटभर खा. फोटोत गाल बसलेले दिसतात.

तुझी मावशी,
एउदोसिया


लिमा, २ एप्रिल

प्रिय मावशी,

पेताबाईंना म्हणावं, त्यांच्यासारखी बारीक नजर आमच्या एका पगारी माणसाला नाही. टोपीची चूक कुणाच्याच लक्षात आली नव्हती. आणि एप्रनबद्दल माफी. पण तू इतक्या वर्षांत म्हटलेलं सगळं वाया जाऊ द्यायचं का?

एक गंमत सांगते. रेटिंग कसं मोजतात ते तुला ठाऊक नसेल. काही निवडक घरांत टीव्हीवर एक खोकं बसवलेलं असतं. घरातल्या प्रत्येकाला त्यावर एकेक बटण. टीव्हीपुढे बसलं की आपलं बटण दाबायचं, उठलं की पुन्हा दाबून बंद करायचं. ही घरं कोणती ते आम्हाला कळत नाही, कळूही नये. पण वयं आणि गावं कळतात. आरेकीपात अशी घरं थोडकीच आहेत, आणि त्यातल्या एकात एक बाबा आहे. सत्तरीपुढचा पुरुष. मंगळवारी आठच्या ठोक्याला बसतो तो साडेआठला उठतो. जाहिरातींनासुद्धा जागचा हलत नाही! मावशी, जाहिराती तर त्या बनवणारेही बघत नाहीत. गेल्या दोन वर्षांत एक मंगळवार त्याने चुकवलेला नाही. नाताळच्या दिवशीसुद्धा नाही.

आम्ही त्याचं नाव इमानी बाबा ठेवलंय. लोस्तानाउला त्याचं फार कौतुक, कारण सांधेदुखीच्या मलमवाल्यांनी "सत्तरीपुढचे पुरुष, दक्षिण विभाग" हा आकडा बघून वर्षभराची जाहिरात दिली. तेव्हापासून आम्ही आजोबा कुयची वाक्यं त्याच्यासाठीच लिहितो. आजोबा म्हणतात, "आमच्या वेळी गाडी उशिरा यायची, पण यायची. आता वेळापत्रक वेळेवर येतं." मला हे लिहिताना काकांची आठवण आली. इमानी बाबाही जुना रेल्वेवाला असेल, असं उगीच वाटतं.

सध्या सात पूर्णांक आठवर आहोत. जीव टांगणीला लागलाय.

मारित्सा


आरेकीपा, १० एप्रिल

चि. मारित्सा,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस नीट जेवले नाही. लोकांच्या घरात कोण कधी बसलं, कधी उठलं, हे तुम्ही लिमाला बसून बघता? लाज नाही वाटत? तिकडे संडासाला किती वेळ गेला तेही लिहून ठेवत असाल.

आता मी एक विचारते, ते पेतासाठी. तिच्या ओळखीची एक विधवा बाई आहे. नाव सांगत नाही, तू ओळखत नाहीस. तिच्याकडे म्हणे असलं खोकं आहे. आणि ती बाई कधीकधी भलतंच बटण दाबते. मुद्दाम नाही म्हणजे मुद्दामच, पण वाईट हेतूने नाही. तर अशा बाईला काय करतात? पोलीस येतात का? मिक्सर परत मागतात का? पेताला फार काळजी लागून राहिली आहे, तेव्हा लवकर कळव.

आणि मलमाची जाहिरात एका भागात चार वेळा दाखवता ते अति होतं. पेता म्हणाली.

मावशी


लिमा, २४ एप्रिल

प्रिय मावशी,

पेताबाईंच्या मैत्रिणीला सांग, पोलीसबिलीस कुणी येत नाही. कळलं तर खोकं काढून नेतात आणि ते घर यादीतून जातं, बस. भेटवस्तू परत मागितल्याचं मी तरी ऐकलं नाही. पण तिने बटणं नीट दाबावीत. इथे आमची पोटं त्या बटणांवर चालतात.

आता मोठी बातमी. लोस्तानाउच्या डोक्यात दिवा पेटला. शेवटच्या भागात आजोबा कुय मरणार! त्याने फळ्यावर आकडे लिहून दाखवले. कुठल्याही मालिकेत मरण आलं की दोन अंक वाढतात, लग्न लागलं तर दीडच. इमानी बाबा रडेल, त्याच्यासारखे दक्षिणेतले सगळे म्हातारे रडतील, आणि मलमवाले दुपटीने जाहिरात देतील. गावभर पाट्या लागल्यात, "आजोबांचा निरोप".

हा प्रसंग मी लिहिलाय. कुणाला सांगू नकोस, पण झकास जमलाय. आजोबा चुलीपाशी पडलेत, सगळे कुय भोवती, आणि ते देशाबद्दल, माणसांबद्दल, नातीला माफ करण्याबद्दल बोलतात. वाचताना आजोबांना आवाज देणारा आमचा मिशीवालाही गहिवरला. पानं सोबत पाठवते आहे. मला वाटतं, मावशी, मालिका वाचली!

तू आता तरी बघशील ना?

मारित्सा


आरेकीपा, २७ एप्रिल

मारित्सा,

त्याला मारू नकोस.

पेता काही बघत नाही. पेताला दहा वर्षं मोतीबिंदू आहे. मी बघते. आणि ते खोकं माझ्याकडे आहे, त्यावर विणलेला रुमाल टाकून ठेवलाय. तुझा इमानी बाबा मी आहे. म्हणजे तुझा काका, एर्मोहेनेस आहे.

ऐक आता नीट. तुझ्या काकाने पहिल्या दिवसापासून एक भाग सोडला नाही. खोलीचं दार लावून, आवाज बारीक करून, आणि मला बाहेर पहाऱ्याला बसवून. तो हसायला लागला की मी जोरात भांडी घासायची, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. सुपाचे अधिकारी होते त्या भागाला तर त्याची कवळी बाहेर पडली. तीन महिने तुझ्याशी बोलला नाही हे खरं, आणि त्या तीन महिन्यांत तो भाग त्याने टेप करून चारदा पाहिला हेही खरं. त्याला वकील हवी होती आणि तू मिळालीस. चूक कबूल करायची आरेकीपाच्या पुरुषाला सवय नसते.

चार वर्षांपूर्वी खोकंवाली पोरगी दारात आली. तिने विचारलं, "घरातलं, नात्यातलं कुणी टीव्हीत काम करतं का? करत असेल तर तुमचं घर चालणार नाही." एर्मोने तिच्याकडे बघून सांगितलं, "आमची एकच भाची, ती लिमाला वकील आहे." अगं, ज्याने आपल्या सख्ख्या भावाला विनातिकीट म्हणून जुलियाका स्टेशनवर गाडीतून उतरवलं तो माणूस! आयुष्यात एकच खोटं बोलला, ते तुझ्या मालिकेला मत देता यावं म्हणून. एक नंबरचं बटण त्याचं, दोन नंबरचं माझं. माझं मी कधी दाबलं नाही. मी बघत नाही असं सगळ्या गल्लीला सांगितलं होतं ना.

तो गुरुवारी गेला. पुढच्या मंगळवारी आठ वाजता त्या खोक्यावर लाल दिवा लुकलुकायला लागला, कोण बसलंय म्हणून विचारतो तसा. मी एक दाबलं. पुढच्या मंगळवारी परत दाबलं. दरवर्षी ती पोरगी फोन करते, "घरात सगळं तसंच आहे ना, सेन्योरा?" मी म्हणते, तसंच आहे.

पेन्शन कचेरीने त्याला नऊ दिवसांत यादीतून काढलं. मतदार यादीतून काढलं. चर्चच्या बंधुमंडळातून काढलं आणि मिरवणुकीतली त्याची मेणबत्ती धरायची जागा त्या ढेरपोट्या कासेरेसला दिली. तुमच्या त्या आकड्यांत तेवढा तो अजून बसलेला आहे, दर मंगळवारी अर्धा तास. आणि तू झकास जमलंय म्हणतेस.

मावशी


लिमा, ६ मे

मावशी,

तुझं पत्र मी ऑफिसच्या बाथरूममध्ये उभ्याने वाचलं. बाहेर आल्यावर सगळ्यांनी विचारलं, पुन्हा मिरच्या का? मी हो म्हटलं.

सतरा वर्षं मला वाटत होतं, त्यांना माझी लाज वाटते. मी मंत्र्यांची टर उडवायचे तेव्हाही डोक्यात तेच असायचं. आणि ते दार लावून हसत होते! मला राग आलाय, खूप. त्यांचा आणि तुझाही. अंत्यविधीला मी तीन दिवस तुझ्या शेजारी बसले होते, तेव्हा एका शब्दाने सांगायचं होतंस.

मी कुणाला काही बोललेले नाही. खरं तर सांगायला हवं. नात्यातलं घर निघालं की तो आकडा बाद, आणि मग मलमवालेही बाद. काल लोस्तानाउकडे जाऊन म्हटलं, आजोबांना नको मारूया. तो म्हणाला, "पाट्या लागल्यात, बाई. आजोबा किंवा मालिका, एक काय ते निवडा." सरासरी सात पूर्णांक नऊवर अडकली आहे. एकच नवा भाग उरलाय, तो जूनमध्ये; तोवर मंगळवारी जुने भाग दाखवणार आहेत. प्रसंग मागे घेतला तर सहा माणसं घरी बसतील. नाही घेतला तर काकांना मी माझ्या हाताने त्या खोक्यातून काढलं असं होईल.

तू सांग, मी तसं करीन. आयुष्यात पहिल्यांदाच तुझं ऐकतेय, तेव्हा नीट विचार करून सांग.

मारित्सा


आरेकीपा, २३ मे

चि. मारित्सास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण आधी मी रागावले होते, आणि राग गेल्यावर तू पाठवलेली पानं वाचली. वाचून पुन्हा रागावले.

हे काय लिहिलंयस? बारा ओळींचं भाषण? देशाबद्दल? एर्मोहेनेस असं बोलायला लागला असता तर मी आधी त्याचा ताप बघितला असता. माफीबिफी काय? त्याने कधी कुणाला माफ केलं नाही. फार तर तुझ्या ताटात मांसाचा मोठा तुकडा वाढायचा आणि दुसरीकडे बघायचा. तेवढ्यात काय ते समजून घ्यायचं असायचं. मरताना माणूस शहाणा होतो हे तुम्हा लिमावाल्यांना कुणी सांगितलं?

मी कधी कुणाला सांगितलं नाही ते आता सांगते. गुरुवार होता, म्हणजे मिनेस्त्रोनचं सूप. त्याने एक चमचा घेतला आणि म्हणाला, "बाई, आज पुन्हा मीठ विसरलीस." मी म्हटलं, "हात मोडलेत का? उठून घे." तो उठला नाही. मी तणतणत आत गेले, मीठ आणलं, त्याच्या पुढ्यात आपटलं आणि उभी राहून त्याला झापलं. चांगली दोन मिनिटं. त्रेचाळीस वर्षांचं सगळं काढलं, त्याच्या आईपासून. तो काही उलट बोलेना. मला वाटलं, आज बरा ऐकून घेतोय. मग त्याच्याकडे पाहिलं.

त्या दोन मिनिटांची मला फार लाज वाटायची. आता वाटतं, त्याला शेवटी माझा आवाज ऐकू आला असेल तर तो ओळखीचाच होता.

तर माझं सांगणं असं. मार त्याला. पण नीट मार. भाषण काढ, सूप घाल. आजी कुयला झापू दे, पूर्ण दोन मिनिटं, कुणी मध्ये संगीत वाजवायचं नाही.

हा भाग लागला की दुसऱ्या दिवशी मी त्या पोरीला फोन करणार आहे. तिला सांगीन, घरात सगळं तसंच नाही, दोन वर्षांपासून नाही. आणि भाची वकील नाही, लेखिका आहे. येऊन खोकं न्या म्हणावं. मिक्सर मात्र मी देणार नाही.

सोबत चीज आहे. तुझ्या त्या लोस्तानाउलाही एक तुकडा दे, उपाशी पोरगा आकड्यांशिवाय दुसरं काय बघणार?

मावशी


लिमा, १३ जून

प्रिय मावशी,

तू पाहिलंस, त्यामुळे काय दाखवलं ते लिहीत नाही. दोन मिनिटांसाठी लोस्तानाउशी कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणाला, "दोन मिनिटं एक म्हातारी नुसती ओरडते, लोक चॅनेल बदलतील." मी म्हटलं, "तुम्ही कधी आरेकीपात जेवलाय का?" शेवटी त्याने माघार घेतली, बहुतेक चीजमुळे.

काल आकडे आले. नऊ पूर्णांक सहा! सरासरी आठ पूर्णांक एक. विसावं वर्ष मिळालं. बाकीचे पाचजण टेबलावर चढून नाचले. तू त्या पोरीला फोन केलाच असशील, तो इथे कळला की एक घर वगळून पुन्हा गणित करतील, कदाचित ते आठच्या खालीही येईल. येऊ दे. जे काय असेल ते मी लोस्तानाउला तोंडाने सांगेन, फोन राहिला असेल तर तू टाळू नकोस.

मग लोस्तानाउने मला आत बोलावलं. त्याच्यापुढे मिनिटामिनिटाचा कागद होता, आणि तो डोकं खाजवत होता.

"हे बघा," तो म्हणाला. "सत्तरीपुढचा पुरुष, आरेकीपा. आठ वाजता बसला. आजोबा मिठाबद्दल बोलले, तेव्हा आहे. म्हातारी ओरडायला लागली, तेव्हाही आहे. ती ओरडायची थांबली, आणि त्याच मिनिटाला हा बंद. दोन वर्षांत पहिल्यांदा मध्येच उठला!"

मी कागद माझ्याकडे ओढला.

"आणि हे त्याहून विचित्र. त्याच घरात, त्याच मिनिटाला, सत्तरीपुढची एक स्त्री चालू. आजवर तिचं बटण एकदाही दाबलेलं नाही. शेवटपर्यंत बसली, जाहिरातींनासुद्धा. म्हातारा गेला आणि ही एकदम कुठून आली?"

"कुठून आली नाही, साहेब," मी म्हटलं. "ती पहिल्यापासून तिथेच बसलेली होती."

तुझी,
मारित्सा